नजीरभाईच्या हंसातला अबोला

"मी जन्मात कोणाचा हेवा केला नाही," असं विजयमालाबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालता घालता तुळशीलाच सांगत. आवाज मऊ. पण इतकाही मऊ नाही, की भिंतीपलीकडच्या अंगणात धाकट्या जावेला ऐकू जाऊ नये!

व्रतांच्या बाबतीत बाईंचा हात धरणारं धारकुंडात कोणी नव्हतं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, प्रदोष, एकादशी! यजमान सदाशिवराव म्हणत, "आमच्या घरी उपासाचे दिवस मोजू नका, जेवणाचे मोजा. लवकर आटपतात."

धारकुंड म्हणजे पैनगंगेच्या वळणावर टेकड्यांमध्ये अडकून पडलेलं गाव. पूर्वी इथं ढाणकीची एस.टी. चुकलेला माणूसच काय तो मुक्कामाला राही. मग कोणीतरी इथला धबधबा मोबाईलवर टाकला आणि दर रविवारी गाड्यांची रांग लागली. धबधबा पाहायचा, कड्यावरून सूर्यास्त पाहायचा, पलीकडच्या टेकडीवर देवीचं दर्शन घ्यायचं आणि नजीरभाईच्या हंसात बसून फोटो काढायचा. हा हंस म्हणजे पायडल मारायची प्लॅस्टिकची नाव. नजीरभाई मूळचे मोटार मेकॅनिक. कुठल्याशा बंद पडलेल्या बगीच्यातून मान मोडलेला हंस त्यांनी आणला आणि मान जोडली. जोडताना ती जराशी तिरपी बसली. त्यामुळे हंस सदानकदा कोणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकतो आहे असं वाटे.

त्याचाच पुढं उपयोग झाला.

तर धाकटी जाऊ प्रेरणा. तिनं घाटावर चूल मांडली आणि पर्यटकांना रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी वाढायला लागली. गौऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले खमंग रोडगे, वर तुपाची धार! दिवाळीआधी नागपूरहून ऋतिक नावाचा व्हिडिओवाला आला, दोन बोटं चाटून झाल्यावर तिसरं चाटत म्हणाला, "वहिनी, ही खरी धारकुंडची चव! कोणाकडून शिकल्या?"

आणि प्रेरणा कॅमेऱ्याकडं पाहून गोड हसली. "कोणाकडून नाही जी. यूट्यूब पाहून."

यूट्यूब! पहिल्या वर्षी हिचा रोडगा फोडायला खलबत्ता लागायचा. तिच्या मागं उभं राहून, कणीक कशी तिंबायची, निखारा कधी लोटायचा, वांगं किती चिरायचं, हे सगळं कोणी शिकवलं? विजयमालाबाईंनी! आता तुम्हीच सांगा, हेवा न करणाऱ्या बाईलाही थोडं लागणारच ना? बाईंनी देवापुढं बसून तळहातावरून पाणी सोडलं. मार्गशीर्ष संपेस्तोवर प्रेरणाशी एक शब्द बोलणार नाही!

आणि त्या बोलल्याही नाहीत. नुसत्या मोजत राहिल्या. प्रेरणाकडं किती गाड्या थांबल्या, किती ताटं उठली, नवीन साडी कोणत्या रंगाची घेतली. मोजणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

चंपाषष्ठी झाली, चातुर्मासापासून सोडलेलं वांगं पुन्हा ताटात आलं. त्यानंतरच्या गुरुवारी बाई सोवळ्यात देवीचा नैवेद्य रांधत होत्या. रोडगे झाले होते. भाजीला फोडणी बसली होती. मिठाचा डबा हातात घेतला, तोच भिंतीपलीकडून प्रेरणाचा फोनवरचा आवाज आला.

"हो ऋतिकदादा! बाराले टेकडीवर या ना. देवळापाशीच जेवा. मी घेऊन येते डबा."

बाईंनी डबा खाली ठेवला आणि पाटावर चढून भिंतीला कान लावला. प्रेरणा पुन्हा व्हिडिओत! पुन्हा यूट्यूब! बाईंच्या मनात लख्ख बेत उभा राहिला. आपण आधी पोचायचं. देवीला नैवेद्य दाखवायचा आणि प्रसाद म्हणून पहिलं ताट त्या पोराला वाढायचं. प्रसादाला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? एकदा त्यानं खाल्लं, की कळेल चव कोणाची ते! पाटावरून उतरून त्यांनी भाजीवर झाकण ठेवलं, डबा भरला आणि निघाल्या. चाखून पाहायचा प्रश्नच नव्हता. देवीआधी जिभेवर नैवेद्य ठेवणारी बाई ती नव्हे, आणि त्यात गुरुवारचा उपास.

पलीकडं जायचा रपटा, म्हणजे नदीतला बुटका पूल, पावसाळ्यात वाहून गेलेला. वळसा अकरा किलोमीटरचा. राहिला हंस.

"एकट्याले नाही जमत, वयनी," नजीरभाई म्हणाले. "एका बाजूले वजन पडलं का कलते, अन् गोल गोल फिरते. जोडीदार पाहिजे."

"मंग तुम्ही बसा ना, नजीरभाई."

"मी बसलो तर दोरी कोण धरन? थांबा, आली पहा जोडीदारीण!"

घाटाच्या पायऱ्या उतरत, हातात चार पुडांचा डबा घेऊन, नवीन मोरपंखी साडीत प्रेरणा येत होती.

दोघी एकमेकींकडं पाहून न पाहिल्यासारख्या उभ्या राहिल्या. बाईंनी हंसाच्या तिरप्या मानेकडं पाहिलं. "हंसा, बापा, सांग कोणाले तरी. आधी मोठ्यानं बसा लागते, मंग लहान्यानं. हे यूट्यूबवर नसते दाखवत."

प्रेरणानंही हंसाकडं तोंड केलं. "हंसभाऊ, बसा म्हणा. पण दोन्ही सीटा नका अडवू म्हणा."

नजीरभाईंनी दोघींना नारिंगी जाकिटं चढवली. रेशमी सोवळ्यावर जाकीट घातलेल्या बाई देव्हाऱ्यातल्या मूर्तीला रेनकोट चढवल्यासारख्या दिसत होत्या. नाव सुटली.

नाव वळवायचा दांडा मधोमध, एकच! पायडल दोघींचे, दांडा एकीचा, असं जावाजावांत कधी झालं आहे का? बाईंनी आपल्याकडं ओढला, प्रेरणानं आपल्याकडं. हंस जागच्या जागी फिरायला लागला.

"हंसा, दांडा सोड म्हण!"

"हंसभाऊ, मी रोज चालवते ही नाव, म्हणा!"

"रोज चालवते! तेही यूट्यूबवरच शिकली असन, म्हण!"

"एका शब्दासाठी कोणी दोन महिने तोंड फुगवते काय, म्हणा!"

"एक शब्द? आठ वर्षं शिकवलं, हंसा, आठ वर्षं! अन् एक नाव घ्यायले जीभ अडखळली!"

तिसरा फेरा झाला तसे काठावरून नजीरभाई ओरडले, "वयनी, प्रदक्षिणा मंग घाला! देऊळ तिकडं हाय!"

हंसाला त्या दोघींपेक्षा जास्त अक्कल असावी. त्यानं आपणहून मार्ग धरला आणि नदीच्या मधल्या बेटावर, बेशरमाच्या दाट झुडपात जाऊन घुसला. पायडल अडकले. दोरी ताणली गेली. नजीरभाई ओढायला लागले, पण हंस काही हलेना.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर कॅमेरा घेऊन ऋतिक हजर! "वहिनी! प्रेरणावहिनी! इकडं पहा!"

व्हिडिओ म्हटल्यावर प्रेरणा उभी राहिली. एका हातानं साडी सावरली, दुसऱ्या हातानं टाटा केला. हंस कलला. प्रेरणाचा तोल गेला, तशी बाईंनी झडप घालून तिची वेणी धरली.

"प्रेरणा! बस ना वं खाली! मरतं काय?"

प्रेरणा धप्पकन बसली. तिचा चार पुडांचा डबा मात्र डुबुक करून पैनगंगेला अर्पण झाला.

"बाई," प्रेरणा म्हणाली, "बोलल्या तुम्ही माह्याशी!"

"मी कायले बोलू? मी हंसाशी बोलली."

"हंसाचं नाव प्रेरणा हाय काय?"

बाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली. व्रत मोडलं, पण जीव वाचवताना मोडलं. मग एक डोळा किलकिला करून पाहिलं. आपला डबा मांडीवर शाबूत, तिचा डबा मासे खात असणार. देवीला सगळं कळतं हो! क्षमा मागतानाच त्यांनी जाता जाता आभारही मानून घेतले.

दोरीला चार जणांचे हात लागले तेव्हा हंस सुटला आणि एकदाचा पलीकडच्या काठाला लागला. टेकडी चढून बाईंनी नैवेद्य दाखवला, आरती केली, पान मांडलं. ऋतिकनं कॅमेरा समोर टेकवला. बाईंनी पदर नीट केला, रोडगा स्वतःच्या हातानं फोडला, तूप सोडलं, भाजी वाढली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या जिवाला थंडावा वाटत होता.

ऋतिकनं घास घेतला. चावला. थांबला. पुन्हा चावला. चेहरा असा झाला, जणू फोन लागतोय पण पलीकडून कोणी बोलत नाही.

प्रेरणानं वाटीतलं चिमूटभर तोंडात टाकलं. डोळे मोठे झाले. तिनं बाईंकडं पाहिलं आणि फक्त ओठ हलवले. "मीठ!"

बाईंच्या डोळ्यांपुढं मिठाचा डबा उभा राहिला. पाटाशेजारी. भिंतीखाली. झाकणसुद्धा न उघडलेला!

ऋतिकनं घास कसाबसा गिळला, कॅमेऱ्याकडं पाहून हसला. "वेगळीच चव आहे! कोणी बनवलं हे?"

आयुष्यभर खरं बोलायचं व्रत पाळलेल्या विजयमालाबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता बोट दाखवलं. "हिनं! ही आमची प्रेरणा. फार हुशार हाय."

प्रेरणानं दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आणलं. आणि सबंध जगाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही जी! हे सारं आमच्या मोठ्या बाईंच्या हातचं! मले काहीच येत नव्हतं, सारं यायनंच शिकवलं. यूट्यूब-बिट्यूब काही नाही. धारकुंडची खरी चव म्हणजे आमच्या बाई!"

जे वाक्य ऐकायला दोन महिने अबोला धरला, ते शब्दन् शब्द मिळालं. नावासकट. कॅमेऱ्यासमोर.

व्हिडिओ चालला. भला पोरगा तो. "कमी मिठाचं, तब्येतीला चांगलं" असं त्यानं खाली लिहिलं. त्यामुळं आता रविवारी प्रेरणाच्या चुलीपाशी पंचवीस गाड्या उभ्या राहतात आणि बाईंच्या दारात अळणी जेवायला दारव्ह्याहून आलेले तीन बी.पी.चे पेशंट. चौथं पान सदाशिवरावांचं. ते म्हणतात, "डॉक्टर वर्षभर सांगून राह्यला होता. तुह्या देवीनंच ऐकलं!"

बाई अजूनही सकाळी तुळशीला पाणी घालतात. "मी कोणाचा हेवा केला नाही," असं आता म्हणत नाहीत. नुसतंच पाणी घालतात आणि भिंतीपलीकडच्या गाड्या मोजतात. मोजून झाल्या, की हळूच तुळशीला म्हणतात, "शिकवलं पण मीच हं, आई."