येसोपंतांनी आपलाच कोट फोडिला त्याची हकीकत

श्रीवास्तुदेवता प्रसन्न. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, एका राज्यात जे घडले ते ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव पुसो नये. ज्यास आपलेसे वाटेल त्याचे ते राज्य. त्या साली सरहद्दीवर पेंढाऱ्यांची धाड पडली आणि गावेच्या गावे जळाली आणि ज्यांस ना घर ना दार ऐसे लोक जीव घेऊन राजधानीस आले आणि नदीच्या घाटावर उघड्यावर पडोन राहिले. राज्याच्या धनीण बाईसाहेब, पोटी माया बहुत, त्यांणी आज्ञा केली की, "आमचे राज्यात कोणी आभाळाखाली निजू नये. यांस वाडा बांधोन द्यावा." मग काम कोणास सांगितले? तर येसो भानजी यांस. येसोपंत म्हणजे इमारतीत दुसरा मनुष्य नाही. राज्यातील किल्ले त्यांणीच बांधिले आणि त्यांचा एकही किल्ला शत्रूस कधी मिळाला नाही, याचा त्यांस ताठा होता, आणि असावाच की. परंतु ज्याने जन्मभर किल्ले बांधिले तो दुसरे काय बांधणार? पंतांनी निवारावाडा म्हणोन किल्लाच बांधिला. आत जावयाची वाट दोनदा वळणारी आणि काळोखी, वळणापलीकडे कोण उभा हे न कळे ऐसी. दरवाजा एकच, त्यावर हत्तीने धडक देऊ नये म्हणोन अणकुचीदार खिळे. निजावयास येणाऱ्या गोरगरिबांवर कोणाचे हत्ती चालून येणार होते, ते पंतांसच ठाऊक. खोल्यांस खिडक्या नाहीत, जंग्या मात्र होत्या, म्हणजे बंदूक बाहेर जाईल पण वारा आत येणार नाही.

वाडा सिद्ध जाहला, मग अन्न शिजले, घोंगड्या वाटिल्या, आणि लोक आले आणि पोटभर जेवले आणि दरवाजा लावण्याची वेळ होताच एकेक उठोन घाटावर निजावयास गेले. पंत चकित जाहले. त्यांस वाटले मानपानात उणे पडले, म्हणोन दरवाजावर भालेकरी दुप्पट केले, आणि पाहुण्यांच्या सन्मानास सांजेस नगारा वाजविला. नगाऱ्याचा पहिला ठोका पडला मात्र, आणि जेवते लोक हातचा घास टाकोन पळाले. दुसरे दिवसापासोन जेवावयासही कोणी येईना. मग मोरो अनंत मुजुमदार, ज्यांस दुसऱ्याची फजिती म्हणजे पंचपक्वान्न, ते भर दरबारात बोलिले की, "येसोपंतांचा किल्ला कोणी घेत नाही ही कीर्ती खरीच. फुकट देतात तरी कोणी घेत नाही." दरबार हसला. आणि मुजुमदारांनी अर्ज केला की, या लोकांस छप्पर नकोच आहे, वाड्यात दारूगोळा ठेवावा आणि यांस सरहद्दीपार घालवावे. सरहद्दीपार पेंढारी अजून फिरत होते. तेथे घालविणे म्हणजे जिवानिशी मारणेच. बाईसाहेब दुःखी जाहल्या आणि बोलिल्या की, "वसुबारसेस आम्ही स्वतः येऊन पाहू. वाडा रिता दिसला तर मुजुमदार म्हणतात तैसे होईल." 

मग पंत तणतणत घाटावर गेले. तेथे चिमाई म्हणोन कुंभाराची विधवा, सर्व लोक तिचे ऐकत, ती खांबास पाठ लावोन बसली होती. पंतांनी पुसिले, "बाई, आत घोंगडी आहे, छप्पर आहे, पहारा आहे. मग येथे गारठ्यात काय ठेविले आहे?"

चिमाई म्हणाली, "पंत, हितं चारी बाजूनं दिसतंय. कोण आलं तर उठून पळता येतंय."

"अहो, पण आत कोणी येणारच नाही. दरवाजा पक्का लाविलेला असतो."

"लावतंय कोण? तुमचीच मानसं न्हवं? भाईरनं." मग ती पुढे बोलली, "आमच्या गावात बी दारं लावलीच हुती. त्यांनी भाईरनं कड्या घातल्या आन् मग पेटवलं. माझं मालक आन् दोन लेकरं आतच ऱ्हायली." आणि पुन्हा नदीकडे पाहू लागली.

पंत तडक माघारी फिरले. घरी आले, स्नान करोन जेवावयास बसले. त्या दिवशी घरी पाहुणे, म्हणोन पाट फिरले होते आणि पंतांची पाठ दाराकडे आली होती. मान सारखी मागे वळे. पत्नी लाडूबाई वाढता वाढता हळूच बोलिल्या, "आज पाट चुकला खरा. एरवी स्वारीची पाठ भिंतीस लागेल ऐसाच मांडते. शत्रूच्या बंदीखान्यातून येणे जाहले तेव्हापासोन हे चालले आहे, मी कधी पुसिले नाही." पंतांनी हातचा घास खाली ठेविला. तरुणपणी ते शत्रूच्या तळघरात बंदिवान होते, ही गोष्ट ते कोणाजवळ काढीत नसत. त्या तळघरासही एकच दार होते आणि कडी बाहेरून होती. पंतांस सर्व उमगले आणि पाहुण्यांदेखत डोळ्यांस पाणी आले आणि ते बोलिले की, "ज्या घरात मज स्वतःस झोप येणार नाही ते घर मी त्या लोकांस बांधोन दिले." आणि पानावरून उठले.

मग पंतांनी कंबर कसली आणि आपल्याच कोटावर मोहीम काढिली. गवंडी, सुतार, लोहार, बेलदार ऐसी फौज जमा केली. जुना गवंडी कळवळोन म्हणाला, "पंत, ह्यो तट पाडाया शत्रूला जलम गेला असता." पंत बोलिले, "शत्रूस वाट ठाऊक नव्हती. मज आहे. घाला पहार." मग काय वर्णावे! पहिले हल्ल्यास वळणाची वाट पडली आणि तेथे सरळ, रुंद, उजेडाची वाट जाहली. रस्त्यावरून अंगण दिसावे आणि अंगणातून रस्ता. दुसरे हल्ल्यास दरवाजाची झडप उतरविली आणि खिळे वितळवोन त्यांच्या कड्या केल्या आणि प्रत्येक खोलीस आतल्या अंगास बसविल्या. बाहेरून कडी कोठेच नाही. जंग्या फोडोन खिडक्या केल्या, बसल्या माणसास बाहेरचे दिसावे इतक्या खाली, आणि त्यांची दारे लावणे न लावणे आतल्याच्या मर्जीवर. प्रत्येक खोलीस मागे दुसरे दार ठेविले. भालेकऱ्यांचे भाले काढोन घेतले आणि त्यांस अंगणात ओट्यावर बसविले, म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड सर्वांस दिसावे. आणि ताकीद दिली की, येणाऱ्यास कोण, कोठला, तुझे कोण मेले ऐसे काही एक पुसो नये. ज्यास सांगावेसे वाटेल तो सांगेल. नगारा बंद; नगारची बापडा पाणी भरू लागला, आणि खरे सांगावे तर त्याचा नगारा बेसूरच होता.

मुजुमदार पाहावयास आले आणि बोलिले, "ऐसे केलेत तर वाटेल तो वाटेल तेव्हा निघोन जाईल."

पंत बोलिले, "जावो. जाता येते म्हणोनच येतील."

बोलणे सोपे होते, परंतु वाडा उघडला आणि कोणी आले नाही. वसुबारस जवळ येत चालली. पंतांचा जीव टांगणीस लागला, तरी घाटावर बोलावणे पाठविले नाही, कारण बोलावणे म्हणजे हुकूमच. मग एके दिवशी दुपारी चिमाई एकटी आली. एका खोलीत गेली, कडी लाविली, काढिली, पुन्हा लाविली. मागील दाराने बाहेर पडली आणि पुढील दाराने आत आली, आणि ऐसे उन्हे कलेपर्यंत चालले. पंत ओट्यावर पहारेकऱ्यांत बसोन कडीचा तो खडखडाट ऐकत होते. त्यांच्या कानास चौघड्याहून गोड लागला. मग ती घाटावर गेली आणि आपले बोचके घेऊन आली आणि तिच्यामागे इतर लोक आले.

वसुबारसेस भर दुपारी बाईसाहेबांची स्वारी निघाली. पुढे चोपदार, मागे सरदार, मुजुमदार तर नवे पागोटे घालोन. वाड्यात येतात तो अंगणात ओट्यावरच्या पहारेकऱ्यांवाचोन चिटपाखरू नाही, रहिवाशांतील कोणी मुजऱ्यास उठले नाही. मुजुमदार हर्षले आणि बोलिले, "सरकार, वाडा रिता. मी म्हणालो नव्हतो?" बाईसाहेबांचा चेहरा उतरला. चोपदाराने रिवाजाप्रमाणे ललकारी द्यावयास छाती भरून घेतली, तोच येसोपंत, ज्यांणी उभ्या जन्मात सरकारापुढे मान वर केली नाही, ते पुढे धावले आणि त्यांणी चोपदाराच्या तोंडावर हात दाबिला. सरदारांचे हात तलवारीस गेले. पंतांनी तैसेच हात न काढिता खिडकीकडे बोट दाखविले.

बाईसाहेबांनी वाकोन पाहिले. आत चिमाई निजली होती. हातपाय पसरोन, तोंड उघडे टाकोन, घोरत, भर दिवसा. पुढील खोलीत एक म्हातारा निजला होता, त्यापुढील खोलीत एक बाई लेकराच्या अंगावर हात टाकोन. गाव जळाले तेव्हापासोन ज्यांचा डोळ्यास डोळा लागला नव्हता, ती सारी माणसे मेल्यासारखी निजली होती आणि जिवंत होती. बाईसाहेबांचे डोळे भरले. त्यांणी पायीचे जोडे काढिले आणि हाती घेतले आणि अनवाणी, चाहूल न देता, बाहेर चालू लागल्या. मग सरदारांनी जोडे हाती घेतले, चोपदाराने घेतले, आणि सर्वांमागे मुजुमदार नवे पागोटे सावरीत, जोडे काखोटीस मारोन, चवड्यांवर चालले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तट पडला, दरवाजा उतरला, शिबंदी निःशस्त्र जाहली आणि ठाणे कायम राहिले. बाईसाहेबांनी रस्त्यावर येईतो शब्द काढिला नाही, मग पंतांस जवळ बोलावोन कानात पुसिले की, "जागी जाहल्यावर यांस काय हवे असेल?" पंत बोलिले, "ते त्यांसच पुसू, सरकार." आणि स्वारी सावलीत उभी राहोन त्यांच्या उठण्याची वाट पाहू लागली.