साखरपुड्यात साखर कमी

लेकीच्या, रोशनीच्या साखरपुड्याच्या सकाळी चंद्रकलाबाईंनी धाकट्या भावाला बाजूला घेऊन बजावलं, "हेमराज, प्रणालीच्या डायबेटिसचं आज काही काढू नको. पाहुणे नवे आहेत, काहीच्या काही समजतीन."

हेमराजनं मान डोलावली. पण खिशातला फोन कुठं कुणाचं ऐकतो? त्याच्या लेकीच्या, सोळा वर्षांच्या प्रणालीच्या दंडावर सेन्सर होता. तो सारखी अंगातली साखर मोजायचा आणि ॲप तो आकडा बापाच्या फोनवर धाडायचं. एकदा साखर घसरल्याची साधी टिंगटिंग ऐकू आली नाही, म्हणून हेमराजनं खास आवाज लावून ठेवला होता. अँब्युलन्सचा!

रोशनी आणि साहिल अंगठ्या घेऊन उभे राहिले, आणि अँब्युलन्स वाजली. स्क्रीनवर लालभडक बावन्न!

"साखर कमी झाली!" हेमराज ओरडला.

नवरदेवाचे काका नत्थूजी वळले. "कायच्यात?"

"शरबतात!" चंद्रकलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

नत्थूजींनी हातातला ग्लास खाली ठेवला. "म्हणजे आमच्या लोकायले फिक्कं पाजून राहिले का तुम्ही?"

आतून आचारी बळीराम झारा घेऊनच बाहेर आला. "कोन म्हन्ते गा फिक्कं? चाखून सांगा!"

तोवर हेमराजनं नवरदेवाकडून आलेल्या ताटावर झडप घातली होती. ताटात पेढ्यांचा मोर होता. त्याची मान उपटून हेमराज खुर्च्या ओलांडत निघाला.

"माहा मोर!" नवरदेवाची आजी तुळसाबाई किंचाळली. रात्रभर जागून तिनंच तो केला होता.

सोफ्यावर नवरदेवाच्या दोन भरदार आत्यांच्या मधे प्रणाली फोटोसाठी दाटून बसली होती. तोंडाशी आलेला पेढा तिनं हातानं अडवला. "थांबा ना बाबा! मले काहीच नाही होऊन राहिलं." तिनं पर्समधून छोटं मशीन काढलं, बोट टोचलं. एकशे अठरा! "आत्यांच्या मधात माहा दंड दबला. सेन्सर दबला का खोटंच कमी दाखवते."

हेमराजचा जीव भांड्यात पडला. चंद्रकलाबाईंनी मात्र डोळे मिटून घेतले.

तुळसाबाई काठी टेकत आली. "हे काय होय वं पोरी?"

"आजी, मले टाइप वन डायबेटिस आहे. अंगात इन्सुलिन बनत नाही, बाहेरून घ्या लागते. बाकी खाते, खेळते, सगळं करते."

म्हातारीनं तिला नीट न्याहाळलं. मग शेजारी बसून बोट पुढं केलं. "माही पाह्य बरं."

"दोनशे ऐंशी! आजी, काय खाल्लं?"

"मी? काही नाही," म्हणत तुळसाबाईनं ओठावरचा पाक पदरानं पुसला.

हॉल हसून लोटपोट झाला. नत्थूजींनी बाही वर केली, बळीरामनं झारा ठेवून हात धुतले. प्रणाली दर वेळी सुई बदलत होती आणि ज्याला त्याला दटावत होती. हेमराजची छाती फुगली. तो मोठ्या ऐटीत रांग लावू लागला. रांगेच्या शेवटी चंद्रकलाबाई हळूच येऊन उभ्या राहिल्या.

"मामाजी," अंगठी धरून ताटकळलेला साहिल म्हणाला, "आमचा नंबर केव्हा?"

हेमराजनं मान वर न करताच सांगितलं, "लाइनीत या, जावईबापू."