जिन्यातले जनूभाऊ

१२ जानेवारी, सोमवार. झाडूवाली गावी गेलेली, त्यामुळे सकाळी जिना झाडायचं काम माझ्याकडे. सोसायटीची सेक्रेटरी असण्याचे असे काही मान आहेत. पहिल्या मजल्याच्या वळणावर पोचते तोच वरून आवाज आला, "सांबाल गो. पाय आत घे. कठडा लागंल."

मी केरसुणी घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिले. जनार्दन म्हात्रे, म्हणजे आमचे तिसऱ्या मजल्यावरचे जनूभाऊ, तांदळाचं भरलेलं पोतं पाठीवर घेऊन, त्याच्याशीच बोलत उतरत होते. पोतं जुन्या नऊवारीत बांधलेलं, गाठ त्यांच्या छातीवर, आणि पोत्याच्या टोकाला कानटोपी.

"पोत्याला थंडी वाजते का हो?"

"थंडी नाय, ताई. डोकं कुठवर येतं ते कलाया नको? वलनावर आपटलं तं शिव्या मी खायाच्या."

आम्हाला आता सवय झाली आहे. नवीन भाडेकरूंना नसते. मागे एकाने घाबरून मला फोन केला होता की वरचे काका कुणालातरी बांधून खाली नेतायत, पोलिसांना कळवू का.

सुकापूरच्या ज्या जमिनीवर आमची बिल्डिंग उभी आहे, ती जनूभाऊंची. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. बिल्डरने त्यांना कुठला हवा तो फ्लॅट घ्या म्हटलं, तर त्यांनी सगळ्यात वरचा मागितला, कारण वर वारा येतो. वय सत्तरीला टेकलेलं, खांदे अजून मिठागरात काम करणाऱ्या माणसाचे. त्यांचा सगळा व्यायाम जिन्यात चालतो. मुलाने खारघरच्या जिमचे पैसे भरतो म्हटलं, तर म्हणाले, "तितं मशीन चालते नि मानूस एका जागी. मना नाय जमनार."

आणि चालायला जाणाऱ्या लोकांवर त्यांचा भारी राग. ट्रॅकपँट घालून कुणी उतरताना दिसलं की ते विचारणार, "चालला सुकट व्हायला?"

मला सुकट, म्हणजे वाळवलेली मासळी, हे नाव त्यांनी तीन वर्षांपूर्वी दिलं. तेव्हा मी रोज सकाळ-संध्याकाळ समोरच्या मैदानाला फेऱ्या मारत होते. वजन उतरलं, ब्लाउज सैल झाले, मैत्रिणी कौतुक करायला लागल्या. मग एका सत्यनारायणाला जमिनीवर मांडी घालून बसले आणि प्रसाद झाल्यावर उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उभी केली. ही बातमी बिल्डिंगभर माझ्याआधी पोचली. दुसऱ्याच दिवशी जनूभाऊंनी जिन्यात अडवलं.

"ताई, पायरीवर बसा."

बसले.

"आता हात न टेकता उठा."

मी प्रयत्न केला. नंतर कठडा धरला.

"दम हाय, बल नाय," त्यांनी निकाल दिला. "चालून चालून सुकट झाली तुमची."

"डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय."

"चाला की! मी कुठं नको बोललो? पन निसतंच चाललात तं आंग बोलतं, हिला वजन कुठं उचलायचं हाय, मग मांडी ठेवून काय करू? त्याला काम दावाया पायजे. एक दिवस चाला, एक दिवस उचला. जवला खाता?"

"मी शाकाहारी आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या घरात काही वाईट घडलंय. "मग वाल खा. दोनी येलेला."

मी वाल खाल्ले. पायरीवर उठबशा काढल्या. पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात करून पिठाच्या डब्यापर्यंत पोचले. जनूभाऊ येताजाता बघायचे आणि चूक झाली की "पाट सरल!" म्हणून ओरडायचे. आता गॅसचा सिलिंडर मी कुणाची वाट न बघता आत घेते. गेल्या पावसाळ्यात माझा नवरा बाथरूममध्ये घसरला, तेव्हा त्याला एकटीने उठवून पलंगावर आणलं. तो हे कुणाला सांगत नाही, म्हणून मी सांगते. चालणं मी सोडलेलं नाही. पण आज या वयात माझे पाय माझं ऐकतात, ते या माणसामुळे.

त्यांना हे ज्ञान कुठून आलं? घरातूनच. यमुनावहिनींचा, त्यांच्या बायकोचा, खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण पलंगावर पडून पडून मांड्या वितळल्या. आता वॉकर धरून बाथरूमपर्यंत जातात, तेवढंच. जिना त्यांच्यासाठी संपला.

या यमुनावहिनी धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण गाणी म्हणते आणि एकेक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतो. ती थांबली की मांडव थांबतो. पंचक्रोशीत किती जणांची लग्नं त्यांनी लावली, त्याला गणती नाही. खुबा मोडल्यापासून एकही नाही. आता माघात पळस्प्याला त्यांच्या पुतणीचं लग्न आहे आणि पोरगी हटून बसली आहे की गाणार काकीच.

पुतणे म्हणाले, खुर्चीत बसवून चौघं उतरवतो. वहिनींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

"चौघांनी उचलाया मी मेली नाय अजून!"

मग उरली नवऱ्याची पाठ. म्हणून ते पोतं. ते बरोबर वहिनींच्या वजनाचं असतं आणि रोज दुरुस्त होतं. वहिनींनी आदल्या दिवशी पुरणपोळी खाल्ली तर जनूभाऊ सकाळी मूठभर तांदूळ वाढवतात. वहिनींना ते मुळीच आवडत नाही.

तर त्या सोमवारी पोतं खालपर्यंत नीट उतरलं. मी दुसऱ्या मजल्यावर झाडत असताना ते परत वर यायला लागले. आधी पावलं ऐकू आली, मग श्वास. दुसऱ्या मजल्यावर आले तेव्हा चेहरा जांभळा झाला होता. तिथेच पोत्यासकट पायरीवर बसले. मी गाठ सोडली, पाणी आणून दिलं.

"रोज इथेच होतं का?" मी विचारलं.

मान हलली.

"लग्नाला नुसतं उतरायचं नाहीये, जनूभाऊ. परत चढायचंही आहे. आणि पाठीवर माणूस असेल."

"कलतं मना." कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "मधीच बसलो तं ती बोलंल, बास, आता नको. मग परत कदी नाय निंगायची."

"बळ आहे, दम नाही," मी म्हणाले. "तुमचंच औषध घ्या. एक दिवस उचला, एक दिवस चाला. मैदानाला फेऱ्या मारा, श्वास वाढेल."

मला वाटलं आता सुकटीवरून काहीतरी ऐकावं लागणार. पण ते केरसुणीकडे बघत म्हणाले, "नाय जमनार."

"का? लाज वाटते?"

तेवढ्यात वरून हाक आली. "आवो..." इतकी बारीक की मी झाडत असते तर मला कळलीही नसती. जनूभाऊ मात्र पोतं तिथेच टाकून, कठडा धरत, दोन दोन पायऱ्या चढून गेले. परत आले ते पोतं न्यायला.

"चष्मा पलंगाखाली गेलता." मग पोत्याची कानटोपी सरळ करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैदानात आयकू येत नाय, ताई. गाड्यांचा आवाज. जिन्यात येतं. तलमजल्यापरेंत येतं. मी उबा राहून पायलंय."

मी उरलेला जिना झाडला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मटारची पिशवी आणि परात घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेले. "मटार सोलायचेत. इथेच बसते तासभर. तुम्ही मैदानावर जा."

ते दारात घुटमळले. पाण्याची बाटली कुठे, गोळी कुठली, उशी कशी द्यायची, सगळं सांगून झालं. शेवटी आतून वहिनी ओरडल्या, "जावा हो! मी कुठं पलून जाते?"

ते गेले. थोड्या वेळाने वहिनींनी विचारलं, "चालतात का बगा. का गेटावर उबं हायत?"

मी खिडकीतून पाहिलं. जनूभाऊ मैदानाच्या कडेने चालले होते, जरा वाकून, दोन्ही हात मागे कमरेशी धरून.

"चालतायत. पण हात मागे बांधून."

"मोकल्या हातानं चालायची सवय नाय ना ऱ्हायली," वहिनी म्हणाल्या आणि मान उंचावून बघायला लागल्या. पलंगावरून त्यांना फक्त आभाळ दिसत असणार.

मी परात खाली ठेवली, पलंगाची कड दोन्ही हातांनी उचलली, मैदान दिसेल असा तो त्यांच्यासकट खिडकीशी ओढला, आणि मटार सोलायला बसले.