साहेबाच्या बैठकीखालची पेटी

शाळेत साहेबाला बसायला खुर्ची नाही म्हटल्यावर राहीबाईनं सुनेला फर्मावलं, "शेडातली पेटी ने, आन् वर माझी नवी वाकळ टाक. पावण्याला भुईवर बसवायचं न्हाई."

"आत्ती, पेटी लय जड हाय."

"मग सकाळची भाकरी कुत्र्याला घातलीस व्हय? उचल!"

सून बिचारी जावेला हाताशी घेऊन पेटी उचलून गेली.

मेढ्याच्या अलीकडं डोंगराला लागून ही खडीची खाण. राहीबाईच्या सासऱ्याची पिढी तेलंगी मुलखातून दगड फोडत फोडत इथवर आली आणि इथंच मुरली. घरच्या बोलीत अजून तिकडचे शब्द डोकावतात. शाळासुद्धा खाणीच्याच पोटची: भिंती खाणीच्या, फळा घासून गुळगुळीत केलेला काळा कातळ, आणि बाकं म्हणजे सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या, खिळखिळ्या झालेल्या पेट्या. बहात्तरच्या दुष्काळात सुरू झालेली ही शाळा ठेवायची की मोडायची, ते साताऱ्याचा साहेब आज ठरवणार होता. मोडली तर पोरांच्या हातात पाटीऐवजी घण येणार. राहीबाईच्या हातात तोच आला होता, म्हणून तिचा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला.

तेवढ्यात तिचा दीर बिराप्पा पळत आला. सुरुंग भरणारा गडी, पण तोंड पांढरंफटक.

"वैनी, शेडातली पेटी कुटं हाय?"

"शाळंत. सायबाखाली."

बिराप्पा मटकन खाली बसला. "आवं, ती भरलेली हाय! रिकाम्या भायेर रचल्यात."

सुरुंगात माणूस जातो म्हणजे काय होतं, ते राहीबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. उरलेलं घोंगडीत बांधून आणावं लागतं.

"नुसती बसून काय व्हत न्हाई," बिराप्पा पुटपुटला. "पर ठिणगी पडली तर..."

"तर ह्यो पावणा विडी वढत नसंल, एवढं देवीला सांग आन् चल!"

ती शाळेच्या दारात पोचली, तेव्हा साहेब वाकळीवर मांडी ठोकून सिगारेट शिलगावत होता. जळकी काडी त्यानं झटकून पेटीला लागूनच टाकली. समोर सगळी पोरं ओळीनं बसलेली. माधवनगरचे नानासो गुरुजी बाजूला हात जोडून उभे.

'पळा!' असं ओरडावं तर शाळेत दारू ठेवता म्हणून शाळा जागच्या जागी मोडली. गप्प बसावं तर शाळेसकट सगळीच उडाली.

"सायेब, उठा!" तिच्या तोंडातून निघालं. "आमच्यात पावण्यानं बसायचं नसतंय."

साहेबाचे डोळे चमकले. "असं? तुमच्या मूळ मुलखातली चाल का? वा! मला या विषयाची फार आवड. सांगा, सविस्तर सांगा." आणि तो अजूनच ऐसपैस बसला.

"उभं ऱ्हायचं. आन् पोरांनी देवीला आवतण द्यायला भायेर जायचं. लांब. पार चिंचंपातूर."

"राहीबाई," गुरुजी चाचरले, "हे मला कधी कुणी..."

"गुरुजी, तुमी माधवनगरचं. आमच्या देवीचं तुमाला काय ठावं? काढा पोरं!"

पोरं हुंदडत बाहेर गेली. साहेबानं खुशीत राख झटकली. वाकळीवर एक लाल ठिपका पडला, मोठा झाला आणि त्यातून धुराची बारीक रेघ वर चढू लागली.

राहीबाईनं दाराजवळची पाण्याची कळशी उचलली आणि साहेबाच्या डोक्यावर उपडी केली. उरलेलं पाणी वाकळीवर.

साहेब ताडकन उठला. बिराप्पानं वाकळीसकट पेटी उचलली आणि तान्हं मूल न्यावं तसा पावलापावलानं बाहेर पडला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

साहेबाच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. "हेही... चालीतलंच?"

राहीबाईनं रिकामी कळशी काखेत घेतली. "व्हय. पर पावणा लय मोठा असला तरच. बारक्या सायबाला नुसता च्या."

साहेबानं रुमाल काढून तोंड पुसलं. राहीबाई मनातल्या मनात घणाचे घाव मोजत होती.

"कुठून कुठं आलात," तो शेवटी गहिवरून म्हणाला, "आणि एवढं जपलंत! ही शाळा चालू राहील. पण ही चाल शाळेत दरसाल झालीच पाहिजे. पुढच्या वर्षी वरच्या साहेबांना घेऊन येतो."

पुढच्या वर्षी खरंच वरचे साहेब आले. आता खुर्ची होती. पोरं न सांगता चिंचेकडं पळाली. वरचे साहेब भेदरून उभे राहिले, आणि राहीबाई कळशी घेऊन पुढं झाली.

तोच तिचं मनगट कुणीतरी धरलं. तिची सासू साळूबाई. त्या मुलखातून बापाचं बोट धरून चालत आलेल्यांतली आता एवढीच एक उरली होती. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात जरब.

"कळशी कसली वततीस? आमच्या मुलखात पावण्यावर भरली घागर वतायचे. मी बघितलंय. तू हितली, तुला काय ठावं?"

राहीबाईनं कळशी खाली ठेवली आणि घागर आणायला गेली.