चाचणीपुरतं निधन

पहिलं पुष्पचक्र आलं तेव्हा दार अण्णांनीच उघडलं. चष्मा लावून त्यांनी पट्टीवरचा मजकूर वाचला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’खाली त्यांचंच नाव होतं, आडनावासकट, बिनचूक. विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. कोणी गेल्याची बातमी पुराव्याशिवाय ते मानत नसत. सही करून त्यांनी पुष्पचक्र घेतलं, भिंतीला टेकवलं आणि जावयाला फोन लावून शांतपणे विचारलं, “माझ्याबद्दल काही कळलंय का तुम्हाला?”

जावई प्रोग्रामर; अण्णा लेकी-जावयाकडेच राहत. कंपनीचा रजेचा अगडबंब प्रोग्राम फोडून त्याने त्याच्या छोट्या छोट्या, स्वतंत्र सेवा केल्या होत्या. एक रजा मंजूर करी, दुसरी पगारखात्याला कळवी, तिसरी सहकाऱ्यांना निरोप धाडी, चौथी फुलं पाठवी. एक अडखळली तरी बाकीच्या चालू राहाव्यात, ही त्यातली खुबी. हे फसलं तर घरी बसायचं, असं साहेबांनी त्याला बजावलंही होतं.

त्या दिवशी त्याने दुखवट्याच्या रजेची चाचणी घेतली. खोटं नाव चालेना. कंपनीकडे नोंदलेल्या नातेवाइकांतूनच कोणीतरी निवडणं भाग होतं. वडिलांच्या नावावर त्याचा हात धजेना. आईच्या तर नाहीच. मग त्याने सासऱ्यांना निवडलं.

चाचणी चार भिंतींच्या आत राहील, अशी त्याची समजूत. फुलांची सेवा मात्र खऱ्या दुकानाला जोडलेली निघाली. दुकानाकडून पोच येईना, तेव्हा निरोप पोचलाच नाही असं धरून तिने तो पुन्हा पाठवला. मग पुन्हा.

अण्णांचा फोन येताच जावयाने फुलांची सेवा बंद केली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो घराकडे धावत सुटला. ते साहेबांनी पाहिलं. नेमका तेव्हाच त्यांना निधनाचा निरोपही मिळाला. आता शंका कशाला घेतील?

घरी बैठकीत पुष्पचक्रांची रांग लागली होती आणि मध्ये खुर्चीवर अण्णा बसले होते. बायको एकेका पट्टीवरचं वडिलांचं नाव वाचत होती. त्याने सगळं सांगितलं. अण्णांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

“तुमचे वडील बरे आहेत ना?”

त्याने मान खाली घातली.

संध्याकाळी साहेब अख्ख्या विभागाला घेऊन दारात हजर. जावई खरं सांगायला उठलाच होता, पण अण्णा पुढे झाले. “मी त्यांचा धाकटा भाऊ,” ते म्हणाले आणि सगळ्यांना आत बसवलं.

साहेब जावयाकडे बोट दाखवून सांगू लागले. “काम कितीही चोख होऊ दे, हा म्हणायचा, आमच्या सासऱ्यांना दाखवलं तर ते यातही चूक काढतील. आणि ती खरीच असेल. इतका सरळ माणूस आपण दुसरा पाहिला नाही, म्हणायचा.”

अण्णांनी डोळ्यांना रुमाल लावला. ते नाटक नव्हतं, हे फक्त त्यांच्या मुलीला कळलं.

मंडळी गेल्यावर अण्णांनी निकाल दिला. नोकरी वाचली होती, रजा मंजूर झाली होती. तेव्हा ती रीतसर भोगायची. दुसऱ्या दिवसापासून जावई अण्णांच्या खोलीत कामाला लागला. माणूस गेल्यावर मागच्यांना जे करावं लागतं ते सगळं, म्हणजे कपड्यांची कपाटं, माळ्यावरच्या ट्रंका, बंद पडलेली घड्याळं. काय ठेवायचं, काय टाकायचं, ते अण्णा खुर्चीवरून सांगत होते.

एक जुना कोट झटकता झटकता जावयाच्या लक्षात आलं, की ते बराच वेळ आपल्याकडे बघताहेत.

“साहेब म्हणाले ते तुम्ही खरंच बोलला होतात?”

“हो.”

“मग मी जिवंत असताना का नाही सांगितलंत?”