लाल दिसेल तिथे हत्ती

एका जंगलात एक टिटवी होती आणि तिच्या बोलण्यावर कुणीही विश्वास ठेवत नव्हतं. का, तर म्हणे टिटवी ओरडली की वाईट होतं. आता वाईट होणार म्हणून ती ओरडते, की ती ओरडते म्हणून वाईट होतं? पोरांनो, हे जंगलात कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. मार बसेल.

उन्हाळा तोंडावर आला होता. वणव्याचे दिवस. ओढ्यात पाणी थोडं आणि ते मारायला हत्ती एकच.

सिंह म्हणाला, "हत्तीनं उगीच इकडे तिकडे धावायचं नाही. जिथे धोका जास्त, तिथेच उभं राहायचं. घारबाई, वरून बघून नकाशा काढा."

घार उंच गेली, गोल फिरली, खाली आली. सपाट खडकावर तिने जंगल काढलं. वरून जिथे जिथे लाल दिसलं, तिथे गेरूचे ठिपके दिले. पूर्वेचा उतार ठिपक्यांनी भरून गेला. पश्चिमेचा माळ कोरा राहिला.

टिटवीची अंडी त्याच माळावर होती. उघड्यावर, खड्यांत.

"महाराज," ती म्हणाली, "पूर्वेला आग नाही. तिथे पळस फुललाय. धोका माळावर आहे. गवत वाळून खडखडीत झालंय, आणि रस्त्यानं जाणारी माणसं पेटती विडी तशीच फेकतात."

घार हसली. "बाई गं, तू जमिनीवर राहतेस. तुला काय दिसणार?"

"पळस दिसतो की!"

"गप्प! अभद्र मेली!" सगळे ओरडले.

हत्ती पळसाखाली जाऊन उभा राहिला. "इथे तर नुसती फुलं आहेत," तो म्हणाला.

"तुला पाणी मारायला नेमलंय," सिंह म्हणाला, "शंका काढायला नाही."

हत्ती रोज फुलांवर पाणी मारू लागला. फुलं गळायचीच होती, ती गळाली. घार वरून ओरडली, "लाल कमी झालं! योजना लागू पडली!"

मग काय, सत्कार! हत्तीच्या गळ्यात हार घातला. पळसाचाच.

हार घालत असतानाच माळ पेटला. टिटवी जीव खाऊन ओरडली.

"थू थू, चांगल्या कार्यात ही कसली ओरड!" माकडं म्हणाली.

धूर हत्तीच्या नाकात गेला. "महाराज, जाऊ का?"

"नकाशात माळावर ठिपका आहे?"

"नाही."

"मग तिथे आग नाही. हार नीट कर."

टिटवी ओढ्यात पोट भिजवून आली, अंड्यांवर बसली, उठली, पुन्हा ओढ्याकडे गेली. टिटवीच्या पोटाला पाणी लागून लागून किती लागणार? तिसऱ्यांदा आली तेव्हा अंडी कुठली आणि खडे कुठले, ते कळेना. सगळंच काळं.

दुसऱ्या दिवशी घारीने पाहणी केली. "माळ काळा आहे. लाल कुठेच नाही. धोका शून्य."

पण माळावरचे ससे रडत आले होते. कुणाला तरी धरायला हवं होतं. घारीला कसं धरणार? ती वर असते. हत्तीला कसं धरणार? त्याचा कालच सत्कार झाला.

सिंहाने डोळे बारीक केले. "माळ पेटणार, हे आधीच कुणाला ठाऊक होतं?"

सगळ्यांनी एकीकडे बघितलं.

तात्पर्य : पोरांनो, आग कुठे लागणार हे कळलं तरी तोंड मिटून बसा. जळून काळं झालं की तिथला धोका आपोआप संपतो, आणि नकाशाही बरोबर ठरतो. मध्येच जो खरं ओरडतो, त्यानेच आग लावलेली असते. आमच्या जंगलात ती कुणी लावली, हे आता लहान पिल्लंही सांगतात : टिटवी.