काढून बघू, काय अडतं ते

आमच्या जिन्यातला एक दिवा रोज गायब व्हायचा. सोमवारी पहिल्या मजल्यावरचा. मंगळवारी तो जागेवर आणि दुसऱ्या मजल्यावरचा नाही. चोरलेलं परत आणून लावणारा चोर आमच्या बोळिंज गावातच काय, उभ्या जन्मात मी पाहिला नव्हता. शेवटी एका संध्याकाळी मीच दार किलकिलं करून बसले. स्टुलावर चढून दिवा काढत होता माझा शेजारी, हेमंत राऊत. चाळिशीचा बाप्या, गणितात डॉक्टरेट केलेला!

"मेल्या, तू?"

"चोरी नाही हो मावशी. काढून बघतोय, कोणाचं काय अडतं ते."

तिसऱ्या मजल्यावरच्या दिव्यावाचून कोणाचंच अडत नाही, असं त्यानं सोसायटीला लेखी कळवलं. त्या अंधारात माझा गुडघा फुटला होता, पण तो काही त्याच्या नोंदीत आला नाही.

हेच त्याचं काम आणि याचाच त्याला पगार. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तो न्यूरल नेटवर्क उघडून बघायचा. म्हणजे काय रे बाबा, असं मी विचारलं.

"मावशी, हजारो आकडे एकमेकांना जोडलेले असतात. उदाहरणं दाखवत गेलं की ते शिकतात. मांजराचा फोटो दाखवला की मांजर म्हणतात. पण कशावरून ओळखलं ते सांगत नाहीत. म्हणून आम्ही आतला एकेक भाग बंद करतो आणि बघतो, काय अडतं ते."

"म्हणजे उत्तर बरोबर, पण रीत लिहिलेली नाही."

चौतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. शेजारच्याच्या वहीत बघून बरोबर उत्तर लिहिणारी कार्टी मी लांबून ओळखायची. रीत नाही तर मार्क नाही, मग बाप भेटायला येवो नाहीतर आजोबा. हेमंतनं माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. "हेच सांगायला आम्हाला वीस पानं लागतात हो!"

तेव्हापासून गट्टी जमली, आणि माझ्या हालांना सुरुवात झाली. उपम्यातून मोहरी काढून बघ, शिऱ्यातून वेलची काढून बघ, आणि चाखायला मावशी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, "सेक्रेटरींना महिनाभर काढून बघू या." लोकांनी खरंच काढलं. टँकर वेळेवर आला, लिफ्ट चालली, भांडणं निम्मी झाली. सेक्रेटरी अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

एकच वस्तू त्यानं कधी काढली नाही. त्याच्या आईच्या खोलीतला पंखा. यमुनाताईंचा जन्म खाडीकाठच्या शेतात गेलेला, फ्लॅटमध्ये त्यांचा जीव घुसमटायचा. बारा महिने पंखा हवा. तोही कसा, कर्र-कटक, कर्र-कटक! आणि माझी भिंत नेमकी त्या खोलीला लागून. "अरे, दोन थेंब तेल सोड!" म्हटलं की "सोडतो मावशी." कसला सोडतोय!

मग ताईंना अर्धांगवायू झाला. जीभ जड झाली. "हेम्या, पानी" एवढं म्हणताना घामाघूम व्हायच्या. कामाची बाई सकाळी अकराला जायची, हेमंत संध्याकाळी यायचा. मधल्या वेळेला माणूस ठेवलं की ताई हाकलून द्यायच्या. म्हणून पोरानं आपली विद्या कामाला लावली. खोलीत एक छोटा माइक ठेवला, बाई गेल्यावर सुरू होणारा. कोणाचा आवाज झाला की मशीननं ठरवायचं, आई की दुसरं कोणी. आई असली की हेमंतचा फोन वाजणार, पडद्यावर "आई" येणार. मग तो मला फोन करणार आणि मी किल्ली घेऊन धावणार.

मशीनला शिकवायला आईचे आवाज त्यानं महिनाभर तिच्या खोलीत भरून घेतले. दुसऱ्यांचे आवाज भरले माझ्या घरी बसून: मी, माझा टीव्ही, माझी भांडीवाली.

मशीननं ताईंची एक हाक चुकवली नाही. एकदा मात्र "मावशी, आई बोलावतेय" म्हणून फोन आला. जाऊन बघते तर ताई घोरतायत आणि खिडकीखाली कोळीण बोंबील घ्या म्हणून ओरडतेय. आम्ही पोट धरून हसलो. तिथंच शहाणं व्हायला हवं होतं.

डिसेंबरात एका सकाळी गारठा पडला. बाई निघून गेली होती आणि ताई कुडकुडत होत्या. मी त्यांना गोधडी घातली, पंखा बंद केला आणि भाचीच्या साखरपुड्याला वसईला गेले. मनाला घोर नव्हता. मशीन होतं ना!

चारला परतले. दारापाशी घरघर ऐकू आली. धावत आत गेले. ताईंचे ओठ फुटलेले, अंथरूण ओलं, हाका मारून मारून घसा बसलेला. माझ्या हातून पाणी पिताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं मला रडू फुटलं. हेमंतचा फोन दिवसभर गप्प होता. आज आईला छान झोप लागलीय म्हणून तो बिचारा खूश होता.

दोन दिवस तो आईच्या पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसला. मशीनचा एकेक भाग बंद करत गेला. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

"मावशी, हे आईला कधी ऐकतच नव्हतं. पंख्याला ऐकत होतं. पंख्याच्या कर्रकर्रीत कुठल्याही बाईचा आवाज आला की आई. तुमच्या घरी पंखा वाजत नाही, म्हणून तिथलं कोणीच आई नाही." त्यानं लॅपटॉप मिटला. "लोकांची नेटवर्कं तपासतो मी. हे तपासलं नाही. उत्तर बरोबर येत होतं ना."

जन्मभर रीत मागणारी मी, इथं मीही मागितली नव्हती. आणि पंख्याचं बटण बंद करणारा हात माझा.

त्यानंतर तो घरूनच काम करायला लागला, आईच्या उशाशी बसून. होळीच्या आधी ताई गेल्या. काढून बघू, हे त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

गेल्या आठवड्यात मी इलेक्ट्रिशियनला घेऊन त्याच्याकडे गेले. ताई नाहीत, मग ती कटकट कोणासाठी? हेमंत त्याच खोलीत बसला होता. ताईंची काठी, चष्मा, पाण्याचा पेला, सगळं जागच्या जागी. वर पंखा, कर्र-कटक.

"बाहेर काढ रे हे सगळं," मी दारातूनच म्हटलं. "तूच म्हणायचास ना, काढून बघू?"

"बघितलं मावशी. अडतं."

इलेक्ट्रिशियननं स्टूल ओढलं. "नको," हेमंत म्हणाला. "तेल नको."

मी आत गेले. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मला रागच आला. "जेवलास तरी का रे?"

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो काढून मांडीवर ठेवला. पडद्यावर "आई".

"दुरुस्त नाही केलंस?" मी विचारलं.

फोन पुन्हा वाजला. त्यानं नुसती मान हलवली. नाही.

मी इलेक्ट्रिशियनला परत पाठवलं. पलंगाच्या कडेवर बसले आणि विचारत राहिले. सकाळी काय खाल्लंस? भात लावलास का? एवढा कसा वाळलास रे? माझ्या प्रत्येक प्रश्नाला फोन वाजत राहिला. त्यानं तो उचलला नाही आणि बंदही केला नाही.